एजंटसाठी लिहिलेली टूलची वर्णने खरोखर उपयोगी आहेत का, हे कसे तपासावे?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मदतनीस एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा प्रोग्राम, तयार करीत आहोत. कंपनीचे सभासद मुख्यतः निफाड, दिंडोरी आणि बागलाण या तालुक्यांतील आहेत. काही कांद्याचे, बरेचसे द्राक्षांचे. सभासद आणि कंपनीतील कर्मचारी एजंटला मराठीत प्रश्न विचारतात आणि उत्तर देण्यासाठी तो आमची टूल्स, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्राम, वापरतो. त्यांत बाजार समित्यांचे दर, कंपनीच्या खरेदीचे दर, सभासदांची व प्लॉटची नोंद, फवारणीची नोंदवही, हवामान अशी बरीच टूल्स आहेत. ती सगळी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, या मॉडेलला टूल्स जोडण्याच्या पद्धतीने जोडलेली आहेत. त्यामुळे मॉडेलपुढे प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा जेसन स्कीमा (ठरावीक नमुन्यातला आराखडा) एवढेच येते. आतला कोड त्याला दिसत नाही.

अडचण अशी की ही वर्णने आमच्या जुन्या एपीआयच्या (प्रोग्रामांनी एकमेकांकडून माहिती घेण्याच्या सोयीच्या) कागदपत्रांतून जशीच्या तशी उचललेली आहेत. ती प्रोग्रामरसाठी लिहिली होती आणि प्रोग्रामरला पुरतही होती, कारण अडले की तो शेजारच्या टेबलावर विचारून घेत असे. एजंटला ती सोय नाही. "आज लासलगावला उन्हाळ कांदा काय भावाने गेला?" असे विचारले, तर तो कधी बाजार समितीच्या दराचे टूल वापरतो, कधी कंपनीच्या खरेदी दराचे, कारण दोन्हींच्या वर्णनात "दिलेल्या ठिकाणचा कांद्याचा दर परत करते" एवढेच लिहिले आहे. "सटाणा तालुक्यातील सभासदांची यादी द्या" म्हटले की तो तालुक्याच्या जागी "सटाणा" भरतो, आमच्या नोंदीत तालुका "बागलाण" असतो (सटाणा हे त्यातले शहर), यादी रिकामी येते आणि तेथे एकही सभासद नाही असे तो ठामपणे सांगतो. तिसऱ्या प्रकाराची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अमुक बुरशीनाशक फवारल्यावर किती दिवसांनी माल काढता येईल, यासाठी खास टूल असूनही तो कधी कधी त्याला हातच लावत नाही आणि स्वतःच्या आठवणीतला आकडा सांगून मोकळा होतो.

आमच्या एका सहकाऱ्याने सगळी वर्णने नव्याने लिहून काढली. आता ती लांब, नीटनेटकी आणि एकसारख्या साच्यातली आहेत. नंतर त्याने जुनी व नवी वर्णने एका मोठ्या मॉडेलला देऊन स्पष्टता, पूर्णता आणि नेमकेपणा यांवर दहापैकी गुण द्यायला सांगितले. गुण चांगलेच वाढले आणि काम झाले, असे चमूतील काहींचे मत पडले. माझे मात्र समाधान झालेले नाही. वर्णन वाचणाऱ्याला ते आवडले, एवढ्यावरून एजंटचे काम सुधारले असे कसे म्हणता येईल?

म्हणून विचारतो : टूलच्या वर्णनाची गुणवत्ता नेमकी कशावर मोजावी? मॉडेलने दिलेल्या गुणांना किती किंमत द्यावी? आणि प्रश्न मराठीत येत असतील, तर वर्णनेही मराठीत असावीत की इंग्रजीत? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : सातपूर_चाचणी

तुमची शंका रास्त आहे. वर्णन हे एजंटला कामाला लावण्यासाठी लिहिलेले असते, तेव्हा त्याची परीक्षाही कामातच व्हायला हवी. गुण देणारे मॉडेल मजकूर वाचते. ते तुमचा प्रश्न सोडवत नाही, दोन सारख्या टूल्समधून एक निवडत नाही, तारीख भरत नाही आणि रिकामी यादी आली की काय करायचे हे त्याला ठरवावे लागत नाही. शिवाय अशा मॉडेलला लांब आणि व्यवस्थित दिसणारा मजकूर आवडण्याकडे कल असतो, हेही ध्यानात ठेवावे.

मॉडेलांच्या टूल वापरण्याच्या क्षमतेवर आधीच पुष्कळ काम झाले आहे आणि त्यातून आपल्याला पद्धत उसनी घेता येते. बर्कली विद्यापीठातील गटाच्या फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डमध्ये, म्हणजे टूल वापरण्यावरून लावलेल्या मॉडेलांच्या क्रमवारीत, मॉडेलने टूलला केलेला कॉल अपेक्षित कॉलशी रचनेच्या पातळीवर ताडून पाहिला जातो. दिलेल्यांपैकी एकही टूल लागू नसेल तर मॉडेल थांबते का, याचीही तेथे वेगळी चाचणी आहे. २०२४ मध्ये आलेल्या टाउ-बेंच या चाचणी संचामध्ये किरकोळ विक्री आणि विमानसेवा या दोन क्षेत्रांतील संवाद असतात, आणि संवाद संपल्यावर डेटाबेसची स्थिती जशी व्हायला हवी होती तशी झाली का, हे पाहतात. या दोन्ही ठिकाणी टूल्स कायम ठेवून मॉडेले बदलतात. तुम्हाला याच्या उलट करायचे आहे : मॉडेल, मुख्य सूचना, टूल्सचा कोड आणि डेटा हे सारे जागच्या जागी ठेवायचे आणि फक्त वर्णने बदलायची. असे केले नाही, तर सुधारणा नेमकी कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही. तुमच्या टूल्समध्ये रोज बदलणारे बाजारभाव आहेत, म्हणून चाचणीसाठी एखाद्या ठरावीक दिवसाचा डेटा गोठवून ठेवा.

चाचणीचे प्रश्न वर्णन लिहिणाऱ्याने तयार करू नयेत. तो नकळत वर्णनातलेच शब्द प्रश्नात घालतो आणि मग एजंट पास होतो. कंपनीच्या कार्यालयात फोन घेणाऱ्यांकडे जे प्रश्न येतात, ते नावे काढून जसेच्या तसे घ्या. अर्धवट वाक्ये, गावाचे बोली नाव, "परवा" आणि "मागच्या बाजाराला" असे शब्द, सारे तसेच राहू द्या. प्रत्येक प्रश्नासाठी अपेक्षित निष्पत्ती लिहून ठेवा. मार्ग मात्र एकच ठरवून टाकू नका. प्लॉटची माहिती काढताना एजंटने आधी सभासद शोधला किंवा थेट प्लॉट क्रमांकावरून गेला, तर दोन्ही बरोबरच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. निकाल "बरोबर" आणि "चूक" एवढ्यावर थांबवला, तर तुम्हाला वर्णनात काय बदलायचे ते समजणार नाही. चुकांची जात ओळखावी लागते. चुकीचे टूल निवडले गेले, तर दोष बहुधा नावात, वर्णनाच्या पहिल्या वाक्यात किंवा शेजारच्या टूलच्या वर्णनात असतो. टूल बरोबर पण भरलेली माहिती चूक, तर पॅरामीटरच्या, म्हणजे भरायच्या रकान्याच्या, वर्णनाकडे पाहावे. टूल वापरायलाच हवे होते आणि वापरले नाही, तर ते कधी वापरायचे हे सांगितलेले नसते. सगळे बरोबर भरूनही उत्तराचा अर्थ चुकीचा लावला, तर टूल काय परत देते याचे वर्णन अपुरे असते. तुमचे तिन्ही दाखले या वेगवेगळ्या जातींचे आहेत, आणि तिघांवर "वर्णन आणखी सविस्तर करा" हा एकच उपाय चालणार नाही.

कांद्याच्या दराचे उदाहरण घेऊ. आत्ताचे वर्णन टूल काय करते एवढेच सांगते. मी ते असे लिहीन : "बाजार समितीच्या आवारात दिलेल्या तारखेला झालेल्या लिलावांतील कांद्याचे किमान, कमाल आणि सरासरी दर, रुपये प्रति क्विंटल. कंपनीने सभासदांकडून खरेदी केलेल्या मालाचा दर येथे मिळत नाही. त्यासाठी खरेदी_दर हे टूल वापरावे. लिलाव बंद असलेल्या दिवशी यादी रिकामी येते. त्याचा अर्थ दर शून्य असा नाही." पहिले वाक्य निवडीसाठी आहे, पुढची दोन शेजाऱ्याशी हद्द आखून देतात आणि शेवटची दोन उत्तराचा चुकीचा अर्थ लावू देत नाहीत. खरेदी_दरच्या वर्णनातही हीच हद्द दुसऱ्या बाजूने लिहावी लागेल, कारण मॉडेल निवड करताना दोन्ही वर्णने एकाच वेळी वाचत असते. याच कारणासाठी एका टूलचे वर्णन सुटे तपासण्यात अर्थ नाही. एकाचे वर्णन सुधारले की ते शेजाऱ्याचे प्रश्नही ओढून घेऊ लागते, असे वारंवार घडते. संपूर्ण संच चालवून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही.

पॅरामीटरमध्ये उदाहरण देताना जपून द्यावे. बाजार समितीच्या रकान्यापुढे "उदा. लासलगाव" असे लिहिले, की कोणी बाजार समितीचे नावच घेतले नाही तरी एजंट लासलगाव भरण्याची शक्यता वाढते, आणि पिंपळगावला माल नेणाऱ्या शेतकऱ्याला लासलगावचा भाव ऐकायला मिळतो. म्हणून ज्यांत एखादी आवश्यक गोष्ट मुद्दाम सांगितलेली नाही, असेही प्रश्न संचात ठेवा. तेथे एजंटने उलट विचारणे हेच बरोबर उत्तर धरावे.

प्रत्येक प्रश्न अनेकदा चालवा. तोच प्रश्न, तेच वर्णन, तरी मॉडेल दर वेळी तेच करील अशी खात्री नसते. टाउ-बेंचमध्ये यासाठी वेगळे माप आहे : ठरावीक वेळा चालवल्यावर सगळ्या वेळा काम बरोबर झाले का. एका वेळी यशाची शक्यता ९० टक्के असेल आणि प्रत्येक वेळ स्वतंत्र धरली, तर सलग ८ वेळा बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४३ टक्केच उरते. रोज तोच प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला एजंट भरवशाचा वाटतो की नाही, हे सरासरीपेक्षा या आकड्यावर अधिक ठरते.

प्रतिसाद : दिंडोरीची_बाग

मी संगणक क्षेत्रातला नाही. द्राक्ष बागायतदारांना सल्ला देण्याचे काम करतो आणि अशाच एका प्रकल्पात चाचणीचे प्रश्न तयार करून दिले आहेत. सातपूरकरांनी फोन घेणाऱ्यांकडून प्रश्न घ्यावेत असे लिहिले आहे, त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. त्यामागचे कारण आमच्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे बागायतदार फोनवर म्हणतो, "बाग ६० दिवसांची झाली, आता काय मारू?" हे ६० दिवस फळछाटणीपासून मोजलेले असतात. वेलीच्या वयाशी किंवा हंगामाच्या आरंभाशी त्यांचा संबंध नसतो. टूलमध्ये "बागेचे वय" असा रकाना असेल आणि त्याच्या वर्णनात लागवडीपासूनची वर्षे की छाटणीपासूनचे दिवस हे लिहिलेले नसेल, तर मॉडेल ६० हा आकडा तेथे भरील आणि टूलही मुकाट्याने काहीतरी परत देईल. "छाटणीची तारीख" हा रकानाही तितकाच फसवा आहे, कारण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि फळछाटणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. बागलाणच्या पट्ट्यात आगाप (लवकर येणाऱ्या) द्राक्षांसाठी फळछाटणी त्याच्याही बरीच आधी उरकतात. तेव्हा महिन्यावरून छाटणी ओळखता येईल, अशी समजूतही एजंटला देऊन चालत नाही. वर्णनात "शेवटच्या फळछाटणीची तारीख, खरड छाटणीची नव्हे" एवढे स्पष्ट लिहिले, तर पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

दुसरी गोष्ट चुकांच्या वजनाची. कांद्याचा भाव चुकीचा सांगितला तर माणूस दुसऱ्याला विचारतो आणि त्याला खरे कळते. फवारणीनंतर काढणीसाठी थांबायचे दिवस चुकीचे सांगितले, तर ते कळेपर्यंत माल कंटेनरमध्ये असतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली आणि निर्यातदारांचे किती नुकसान झाले, हे या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्यानंतर अवशेष तपासणीविषयी सगळेच जास्त काटेकोर झाले. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची, अवशेष मर्यादांची आणि प्रतीक्षा कालावधीची (फवारणीनंतर काढणीसाठी थांबायच्या दिवसांची) यादी प्रसिद्ध करते आणि तिच्यात वेळोवेळी बदल होतात. मॉडेलच्या आठवणीत असलेला आकडा कधी काळी बरोबर असेलही. चालू यादीत तो तसाच आहे, असे कोणी म्हणावे?

म्हणून तुमच्या त्या तिसऱ्या टूलच्या वर्णनात कारणासह लिहा की यादी बदलत राहते, प्रतीक्षा कालावधीचा प्रश्न आला की प्रत्येक वेळी हे टूल वापरावे, आणि टूलमधून उत्तर मिळाले नाही तर आकडा न सांगता कंपनीच्या कृषितज्ज्ञाकडे पाठवावे. मात्रेचे एककही तितकेच महत्त्वाचे आहे. मिलिलिटर प्रति लिटर पाणी आणि मिलिलिटर प्रति हेक्टर यांतला फरक वर्णनात आणि परत येणाऱ्या उत्तरात, दोन्हीकडे लिहिलेला हवा. निकालाची बेरीज करताना या प्रश्नांना बाजारभावाच्या प्रश्नांसोबत एकाच पारड्यात घालू नका. सरासरी कितीही चांगली असली, तरी प्रतीक्षा कालावधीच्या प्रश्नात एक जरी उत्तर टूलशिवाय दिले गेले, तर तो संपूर्ण संच नापास समजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : अंबड_सर्व्हर

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत आहे. मात्र एका बाबतीत वेगळे मत मांडतो. वर्णनाचे मूल्यमापन करता करता सगळे ओझे वर्णनावरच टाकण्याची सवय लागते. जे कोडने किंवा स्कीमाने पक्के करता येते, ते गद्यात समजावत बसू नये.

सटाण्याचा दाखला पाहा. "तालुक्याचे नाव बागलाण असे लिहावे, सटाणा हे शहर आहे" असे वर्णनात घालता येईल आणि बहुतेक वेळा चालेलही. पण नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. ही यादी बंदिस्त आहे. तालुक्याच्या पॅरामीटरला हीच १५ नावे मान्य मूल्ये म्हणून द्या आणि सटाणा आले तर सर्व्हरमध्येच त्याचे बागलाण करा. न जमले, तर रिकामी यादी परत देण्याऐवजी "सटाणा नावाचा तालुका नोंदीत नाही, सटाणा शहर बागलाण तालुक्यात आहे, त्या नावाने पुन्हा विचारा" असा एरर द्या. एमसीपीमध्ये टूलच्या निकालासोबत एरर असल्याची खूण पाठवता येते आणि तो मजकूर मॉडेल वाचते. एजंटच्या दृष्टीने एररचा मजकूर हाही वर्णनाचाच भाग आहे. फरक एवढाच की तो गरज पडेल तेव्हाच समोर येतो आणि एरवी जागा खात नाही. तेव्हा मूल्यमापनात एक मोजणी अशीही असावी : पहिला कॉल चुकल्यावर एजंट दुसऱ्या प्रयत्नात स्वतःहून सावरतो का, की तोच कॉल पुन्हा पुन्हा करीत राहतो.

लांबीविषयी थोडे लिहितो. एजंट सुरू होताना सगळ्या टूल्सची वर्णने मॉडेलपुढे ठेवल्या जाणाऱ्या मजकुरात भरण्याची पद्धत सर्रास आहे. म्हणजे प्रत्येक वाक्याची टोकनांमध्ये, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करून वाचते त्यांत, किंमत मोजावी लागते, आणि संच मोठा झाला की त्या गर्दीत महत्त्वाची वाक्ये हरवतात. तुमच्या सहकाऱ्याची नवी वर्णने मी सरसकट टाकून देणार नाही; पण त्यांतील एकेक वाक्य काढून संच पुन्हा चालवा. वाक्य काढल्याने काहीच बिघडत नसेल, तर त्याला तेथे राहण्याचे कारण नाही. एकसारख्या साच्यात लिहिलेल्या वर्णनांत अशी वाक्ये पुष्कळ सापडतात, कारण साच्यातला प्रत्येक रकाना भरायचाच म्हणून ती लिहिलेली असतात.

गुण देणाऱ्या मॉडेलविषयी सातपूरकरांपेक्षा माझे मत जरा मवाळ आहे. त्याला दहापैकी गुण विचारू नका. नेमके काम द्या. फक्त वर्णने आणि स्कीमा द्या, एक प्रश्न द्या आणि विचारा की कोणते टूल वापरशील, काय भरशील, काय परत येईल असे वाटते आणि कोठे शंका आहे. "दर कोणत्या एककात आहे ते कळत नाही", "तारीख दिवस-महिना-वर्ष की वर्ष-महिना-दिवस ते लिहिलेले नाही" अशा उणिवा यात स्वस्तात आणि लवकर सापडतात. हे मुद्रितशोधनाच्या पातळीवरचे काम आहे आणि तेवढ्यापुरते ते उत्तम चालते. खऱ्या चाचणीची जागा ते घेऊ शकत नाही, यात वाद नाही.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो धाग्याच्या विषयाला सोडून नाही. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलसोबत काही खुणा देण्याची सोय आली : टूल फक्त वाचते का, ते काही नष्ट करू शकते का, तोच कॉल पुन्हा केला तर परिणाम वाढतो का, इत्यादी. या खुणा केवळ सूचना आहेत, आणि सर्व्हर विश्वासातला नसेल तर त्यांवर भिस्त ठेवू नये असे त्या प्रोटोकॉलमध्येच म्हटले आहे. सभासदाची नोंद रद्द करणारे टूल असेल, तर "वापरकर्त्याला विचारल्याशिवाय वापरू नये" हे वर्णनात अवश्य लिहा; पण प्रत्यक्ष अडवणूक कोडमध्येच हवी. हवामानासारखे टूल बाहेरच्या सर्व्हरवरून घेत असाल, तर त्याचे वर्णन हा तुमच्या मॉडेलच्या कानात बोलणारा परका मजकूर आहे. त्यात छुप्या सूचना घालून एजंटला भलतीकडे वळवण्याचे हल्ले दाखवून दिले गेले आहेत. असे वर्णन माणसाने डोळ्यांखालून घालावे आणि ते नंतर बदलले तर कळेल अशी व्यवस्था ठेवावी.

गोदाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. चुकांच्या जाती वेगळ्या करण्याची सूचना आणि प्रतीक्षा कालावधीच्या प्रश्नांना वेगळा निकष लावण्याची सूचना आम्ही लगेच अमलात आणतो. तालुक्यांची यादी स्कीमात घालण्याचे कामही हाती घेतले आहे.

दोन शंका उरतात. आमच्यासारख्या छोट्या चमूला शेकडो प्रश्नांचा संच करणे झेपणार नाही. थोड्या प्रश्नांवरून जुन्या व नव्या वर्णनांतील फरक खरा आहे की योगायोगाचा, हे कसे ओळखावे? आणि मराठी की इंग्रजी, याविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही.

प्रतिसाद : सातपूर_चाचणी

थोडे पण नेमके प्रश्न चालतील. दोन्ही वर्णनसंच तेच प्रश्न घेऊन चालवा आणि एकूण टक्केवारीपेक्षा ज्या प्रश्नांचा निकाल पालटला तेच पाहा. किती प्रश्न चुकीचे होते ते बरोबर झाले आणि किती बरोबर होते ते चुकले, असे दोन ढीग करा. दोन्ही जवळपास सारखे असतील, तर टक्केवारीत थोडी वाढ दिसली तरी ती सुधारणा मानू नका. पालटलेल्या प्रत्येक प्रश्नाची एजंटची संपूर्ण नोंद, म्हणजे त्याने कोणते कॉल केले आणि काय परत आले, ती डोळ्यांनी वाचा. संच लहान असण्याचा फायदा हाच की हे वाचन शक्य असते, आणि दोष कोठे आहे हे आकड्यांआधी या वाचनातच कळते. काही प्रश्न मात्र बाजूला काढून ठेवा आणि वर्णने दुरुस्त करताना ते अजिबात पाहू नका. अखेरीस एकदा त्यांवर चालवा. नाहीतर वर्णने तुमच्या संचापुरती घोटून तयार होतात आणि नवा प्रश्न आला की पुन्हा अडतात.

भाषेबाबत सरसकट नियम मला मान्य नाही. देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत तेवढ्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून मोठ्या संचात इंग्रजी वर्णने स्वस्त पडतात आणि मराठी प्रश्नावर इंग्रजी वर्णनाचे टूल निवडणे चांगल्या मॉडेलला जड जात नाही. पण उन्हाळ कांदा, लाल कांदा, खरड छाटणी, फळछाटणी हे शब्द वर्णनात मराठीतच आणि पूर्णपणे यायला हवेत, कारण शेतकरी तेच बोलणार आणि मॉडेलला त्यांवरूनच रकाना ओळखायचा आहे. दोन्ही प्रकारची वर्णने तुमच्या संचावर चालवा. तुमच्या मॉडेलपुरते उत्तर मिळेल.

ते उत्तर त्या मॉडेलपुरतेच असेल, हे मात्र लक्षात घ्या. मॉडेलची नवी आवृत्ती घेतली की संपूर्ण संच पुन्हा चालवावा लागतो. त्यासाठी वर्णने कोडप्रमाणेच गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवा, प्रत्येक बदलासोबत कोणत्या मॉडेलवर आणि कोणत्या गोठवलेल्या डेटावर निकाल काढला ते नोंदवा, आणि फोनवर नवीन प्रकारचा प्रश्न अडला की तो आधी संचात घाला आणि मगच वर्णनाला हात लावा.

प्रतिसाद : दिंडोरीची_बाग

एक पुरवणी. संच वर्षातून एकदाच तयार करून ठेवू नका. फळछाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांचे प्रश्न येतात, काढणीच्या तोंडावर प्रतीक्षा कालावधी आणि अवशेष तपासणीचे, उन्हाळ्यात चाळीत साठवलेल्या कांद्याचे. ऑक्टोबरच्या प्रश्नांवर उत्तम ठरलेली वर्णने फेब्रुवारीत तपासूनच वापरावीत. कंपनीत फोन घेणाऱ्या मंडळींना दर महिन्याला अडलेले प्रश्न लिहून द्यायला सांगा. त्यांच्याकडे वही असतेच.